थॉर बाळंत झाला

थॉर नर आहे याबद्दल आमच्या घरात कुणाच्याही मनात शंका नव्हती. दुकानदाराच्या मनात तर मुळीच नव्हती. "मेल है साब, पक्का मेल. ग्यारंटी," असं म्हणत त्यानं त्याला मुठीत उचलला, उलटा केला, माझ्या चष्म्यापुढं धरला आणि परत लाकडाच्या भुशात ठेवून दिला. मी मान डोलावली. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. समोर आलेला माल बघून मान डोलावण्याचाच मला पगार मिळतो.

खरं तर चिरंजीवांना कुत्रा हवा होता. कुत्रा सोसायटीच्या नियमात बसेना, मांजर आईच्या सोवळ्यात बसेना. मासे म्हटल्यावर बायकोनं नुसतं नळाकडं बोट दाखवलं. २०२३ मध्ये आमच्या शहराचं नाव बदललं, नळाचं वेळापत्रक तेवढं राहून गेलं. जायकवाडी काठोकाठ भरलेलं असो की तळाला गेलेलं, आमच्या गल्लीत पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. जिथं माणसांची आंघोळ बादली मोजून होते तिथं पन्नास लिटर पाण्यात चार मासे नुसते इकडून तिकडं फिरणार, ही चैन कुणाला पटावी? मग चिरंजीवांनी हॅमस्टर सुचवला. भुंकत नाही. फिरायला न्यावा लागत नाही. दिवसभर झोपतो. पाण्यानं आंघोळ घालायचीच नाही. कोरड्या वाळूत लोळतो आणि स्वच्छ होतो.

"वाळूत आंघोळ?" पडल्या जागेवरून आई उठून बसली. "आण बाबा. सिडकोत राहायला हाच लायक आहे."

असा थॉर आला. दिवसभर झोपतो हे खरं निघालं. रात्री काय करतो हे कुणी विचारलं नव्हतं. रात्री अकराला तो चाकावर चढायचा तो पहाटेच उतरायचा. हॅमस्टर एका रात्रीत सात-आठ किलोमीटर सहज पळतो म्हणे. म्हणजे सिडको बसस्टँडवरून निघून जालना रोडनं थेट क्रांती चौकाच्या पुढं. संध्याकाळच्या गर्दीत तेवढं अंतर मला स्कूटरवर जमत नाही, आणि हा डोक्याशी कर्रकर्र करत घरबसल्या पार करायचा. चाकाला मी मशीन ऑइल घातलं, आईनं खोबरेल घातलं. त्यानं त्याचा वेग तेवढा वाढला.

आणि मग एका सकाळी चिरंजीव किंचाळले, "बाबा, थॉरनं मटण आणलंय!"

आमच्या घरात मटण शिजत नाही. मी धावत गेलो. भुशात खरोखरच गुलाबी, बिनकेसांचं काहीतरी पडलं होतं आणि ते वळवळत होतं. आईनं चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि कन्नडला असंख्य बाळंतपणं पार पाडलेल्या बाईच्या अधिकारानं निकाल दिला, "मटण नाही रे. बाळंत झालाय तुझा थॉर."

"एकटाच?" बायकोनं विचारलं.

"आजकाल काही सांगता येत नाही," आरडाओरडा ऐकून वर आलेले शेजारचे काका म्हणाले.

मी दुकानदाराला फोन लावला. "तुम तो मेल बोले थे!"

"हौ, बोला तो था. कितने दिया?"

"नऊ."

"मुबारक हो साब! एक के पैसे में दस गिरे आपको. अब मैं हिसाब मांगा क्या?"

त्यानं हिशोब मागितला नाही, पण माझ्या डोक्यात घातला. त्याच रात्री मी लॅपटॉपवर एक्सेलची शीट उघडली. हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा. सस्तन प्राण्यांत इतक्या घाईचं बाळंतपण क्वचितच असेल. आमच्या कालगणनेत सांगायचं तर नळाला दोनदा पाणी आलं की पिल्लं हजर. एका वेताला आठ-दहा, कधी त्याच्या दुप्पटही. तीन आठवड्यांत पिल्लं दूध सोडतात आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांचीच लग्नाची वयं होतात. एका पिल्लाचे तीनशे रुपये धरले, अगदी हात आखडून. दिवाळीला दुचाकी दिसू लागली, पुढच्या पाडव्याला चारचाकी. त्याच्या पुढच्या रकान्यात तर आकडे मावेनात म्हणून नुसत्या जाळ्या दिसायला लागल्या.

बायकोनं खांद्यावरून पाहिलं. "खर्चाचा रकाना कुठाय?"

"तो नंतर टाकणार आहे."

माझ्या या मनोराज्याला इतिहासाचा आधार होता, हे नम्रपणे सांगतो. जेरुसलेमला सॉल ॲडलर नावाचे एक शास्त्रज्ञ काळ्या आजारावर संशोधन करत होते. प्रयोगाला ते चिनी हॅमस्टर वापरत, पण ते पिंजऱ्यात काही केल्या प्रजा वाढवेनात. म्हणून १९३० मध्ये इस्रायल अहारोनी हे प्राणिशास्त्रज्ञ सीरियात अलेप्पोजवळ गेले, मजूर लावून गव्हाचं उभं शेत खणलं आणि जवळजवळ अडीच मीटर खोल बिळातून एक सोनेरी मादी आणि तिची पिल्लं वर काढली. या भानगडीत वैतागलेल्या मादीनं पहिल्याच पिल्लाचं मुंडकं तोडलं. जेरुसलेमला आणल्यावर उरलेल्यांतली काही लाकडी पिंजरा कुरतडून पसार झाली. शेवटी सख्ख्या भावंडांपासून जो वंश सुरू झाला तो वर्षभरात शे-दीडशेवर गेला. पुढच्या वर्षी ॲडलरनी त्यातले काही कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले. आज घरोघरी पाळलेले सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या एका बिळातले. म्हणजे आमचा थॉरसुद्धा मूळचा अलेप्पोचा.

हे सगळं मी बायकोला भारावून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यांनी ती विकली का?"

"नाही. प्रयोगशाळांना दिली."

"मग?" असं म्हणून ती झोपली.

पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लांचे डोळे उघडत नाहीत आणि तेवढ्यात आई बिथरली तर ती पिल्लं खाते, असं वाचल्यापासून घरात संचारबंदी लागू झाली. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. कुकरची शिट्टी वाजायच्या आत बायको ती चिमट्यानं वर धरायची. शेजारचे काका शिंकायला जिन्यात जायचे. आईनं बाळंतिणीसाठी डिंकाचा लाडू केला. थॉरनं तो सबंध गालात घातला आणि चेहरा रुंद करून आमच्याकडं बघत बसला. एवढं करून एका दुपारी घंटागाडी आपलं गाणं पूर्ण आवाजात लावून खिडकीखाली थांबली. थॉर दचकला. त्यानं एक पिल्लू उचललं आणि तोंडात घातलं. मग दुसरं. मग तिसरं.

चिरंजीवांनी भोकाड पसरलं. बायकोनं तोंड फिरवलं. आई "राम राम" म्हणू लागली. मी जड अंतःकरणानं लॅपटॉप उघडला आणि नऊचा आकडा खोडला.

थॉर पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथला भुसा नीट केला आणि गालाच्या पिशव्यांतून एकेक पिल्लू सावकाश बाहेर काढून ठेवलं. आवाजाच्या बाजूनं त्यानं बिऱ्हाड हलवलं होतं, इतकंच. मी परत नऊ लिहिले.

पिल्लं अंगाखांद्यावर खेळायला लागल्यावर कळीचा प्रश्न आला, तो नर-मादी वेगळे करण्याचा. महिन्याभरात हे केलं नाही तर एक्सेलमधल्या जाळ्या प्रत्यक्षात दिसतात. याची खूण शास्त्रीय आहे. मागच्या बाजूच्या दोन छिद्रांतलं अंतर नरात जास्त असतं, मादीत कमी. अंतर म्हटल्यावर माझी छाती फुगली. कारखान्यात मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माल परत पाठवतो. मी डिजिटल व्हर्नियर आणला, चिरंजीवांच्या हाती टॉर्च दिला, आईला पिल्लू धरायला सांगितलं.

पहिलं रीडिंग माझ्या अंगठ्याचं आलं. दुसऱ्या पिल्लानं व्हर्नियरचा जबडा स्वतःच्या जबड्यात धरला. तिसऱ्यानं आईच्या पदरात शिरून तिथं मुक्काम केला. तरीही मी पद्धत सोडली नाही. प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर टिपका दिला: नराला हिरवा, मादीला लाल, आणि खाली सही. मग हिरवे एका डब्यात, लाल दुसऱ्या डब्यात. खात्रीसाठी म्हणून एक हिरवा आणि एक लाल घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते दारातल्या म्हशीच्या पोटाला कान लावून होते.

"वजन काय याचं?"

"पन्नासेक ग्रॅम."

"मी देतो त्या गोळ्या याच्याहून जड असतात, साहेब," ते म्हणाले आणि परत म्हशीकडं वळले.

पुढं यथावकाश हिरव्या डब्यातले दोन नर बाळंत झाले.

मारामाऱ्याही त्याच सुमारास सुरू झाल्या. सोनेरी हॅमस्टर हा मुळात एकलकोंडा. मोठा झाला की त्याला शेजार सहन होत नाही, सख्खा भाऊ तर अजिबात नाही. मादी नराहून अंगानं मोठी आणि स्वभावानं तापट. तिच्या मनात नसताना नर तिच्या घरात गेला तर जिवावर बेतू शकतं. थोडक्यात, प्रत्येकाला स्वतंत्र घर लागतं. आमच्या कन्नडच्या वाड्याची चुलत्यांमधली वाटणी अजून कोर्टात आहे, आणि इथं पाच आठवड्यांची पोरं वन बीएचके मागत होती. मी गुलमंडीवरून प्लॅस्टिकचे मोठे डबे आणत राहिलो. सोल्डरिंगची सळई तापवून त्यांना हवेची भोकं पाडत राहिलो. डब्यांचा दुकानदार एकदा कौतुकानं म्हणाला, "वर्षाचं धान्य भरू लागले वाटतं भाऊ?" मी हो म्हणालो. एका अर्थी खरंच होतं. त्यातला प्रत्येक जण गालात भरून आणलेली ज्वारी, शेंगदाणे आणि मक्याचे दाणे कोपऱ्यात साठवत होता. बायको म्हणायची, "त्यांना तरी पुढचा विचार आहे."

मग मे महिना आला. आमच्याकडचा मे चाळिशी ओलांडतो. हॅमस्टरला वीस-बावीस अंश मानवतात. तिशीच्या वर गेलं की तो निपचित पडतो आणि कधीकधी त्यातून उठतही नाही. साहजिकच हॉलमधला कूलर गॅलरीच्या खोलीत गेला. कूलर पाणी पितो. पाणी नळाला येत नाही. म्हणजे कोरड्या वाळूत आंघोळ करतो म्हणून ज्या प्राण्याला घरात घेतलं, त्याच्यासाठी आम्ही पाण्याचा टँकर मागवला. डोक्यावर ओला पंचा ठेवून आई हॉलमध्ये बसली होती. "या घरात कूलर लागायला बाळंत व्हावं लागतं एवढंच, की आणखी काही?" असं तिनं भिंतीला विचारलं. खर्चाचा रकाना त्या दिवशी मी एक्सेलमध्ये टाकला. तो पलीकडच्या रकान्याहून रुंद करावा लागला.

विक्रीला मात्र मी पूर्ण तयारीनं उतरलो. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, खाली "सुसंस्कृत घरात वाढलेली पिल्लं" असं लिहिलं. फोन धडाधड आले. एकानं विचारलं, "बोलतो का?" दुसऱ्यानं, "राखण करतो का?" तिसऱ्यानं बराच वेळ आपुलकीनं चौकशी केली, किती मऊ, किती धष्टपुष्ट, आणि शेवटी सांगितलं की त्याच्याकडं मांजर आहे. सिल्लोडकडच्या मामांना मी मुद्दाम व्हिडिओ कॉलवर माल दाखवला.

"जावई, हे उंदरंच हायेत ना?"

"हॅमस्टर, मामा. सीरियाचे."

"आन् तीनशे रुपये लोक देतेत?"

"देतील."

"मग असं करा, आमच्या मकात फुकट हायेत. पोतं घेऊन या, दोघं मिळून इकू."

वकील मेव्हण्यानं वेगळंच काढलं. २०१८च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांचं दुकान चालवायचं तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, जागा कशी हवी, हवा कशी हवी, नोंदवही कशी हवी, सगळं ठरलेलं आहे. "माझं कुठं दुकान आहे?" मी म्हणालो. त्यानं गॅलरीत रचलेल्या डब्यांच्या थप्पीकडं पाहिलं आणि काही बोलला नाही. विक्री शून्य असल्यामुळं हे दुकान नव्हे, असा मुद्दा मला फार उशिरा सुचला.

दुसऱ्या मेव्हण्यानं वैजापूरकडं एके काळी इमू पाळले होते. रानातलं ते तारेचं उंच कुंपण अजून आहे, त्यावर आता कारल्याचे वेल आहेत. बायकोला ती सगळी वंशावळ पाठ. इमूची जोडी घ्या, अंडी-पिल्लं आम्हीच विकत घेऊ, असं सांगणाऱ्या तामिळनाडूतल्या कंपन्या २०१२ मध्ये कोसळल्या आणि गुंतवणूकदारांच्या गळ्यात पक्षी राहिले. २०१९ मध्ये तीच गोष्ट सांगलीकडं इस्लामपूरला काळ्या कडकनाथ कोंबडीची झाली.

"इमू विकत कोण घ्यायचं, सांगा बरं?" तिनं भाजी निवडता निवडता विचारलं.

"कोण?"

"ज्याला इमू विकायचे असतील तो."

मी विषय बदलून सिद्धार्थ उद्यानाकडं नेला. आमच्या शहरातलं हे प्राणिसंग्रहालय वाघांच्या पैदाशीसाठी नाव कमावून आहे. वाघिणीला साडेतीन महिने लागतात, होतात दोन-चार बछडे, तरी इथं ते इतके होतात की बाहेरगावी पाठवावे लागतात. २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथूनच मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेली. पेपरात फोटो आले, मुंबईकरांनी रांगा लावल्या. आमच्या शहराचे वाघ घ्यायला मुंबई तयार असते. माझा एक हॅमस्टर घ्यायला मुकुंदवाडी तयार नव्हती.

भाव तीनशेवरून शंभरावर आणला. मग डब्यासह शंभर, मग डबा, चाक आणि महिन्याचं खाद्य फुकट. मग प्राणीच फुकट. वास्तुशांतीला गेलो तर पिशवीत एक. बायकोच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण म्हणून काय मिळणार हे कळल्यावर चप्पल घालायच्या आत जिन्यात होत्या. पूर्वी रविवारी चहाला येणारे लोक आता खालूनच हात हलवायचे, तेही खिशावर दुसरा हात ठेवून, कारण ॲडलरची खिशाची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली होती. कारखान्यातला एक जण मुलीसाठी नेतो म्हणाला तेव्हा मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी तो परत घेऊन आला. मुलगी चाकाच्या आवाजानं झोपत नाही, म्हणाला. मी म्हणालो, तेल घालून बघ.

गणपतीत जरा हात मोकळा झाला, तोही योगायोगानं. डब्याचं झाकण सैल राहिलं आणि एक हिरवा टिपका रात्रीतून गायब झाला. आम्ही फ्रिज हलवला, लोखंडी कपाट हलवलं, सोफा उलटा केला; त्यात पावशेर ज्वारी सापडली, हॅमस्टर नाही. सकाळी शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अगं बाई, या, लवकर या!" त्यांच्या गणपतीसमोर, मखराच्या पायरीवर, आमचा फरारी मागच्या दोन पायांवर उभा होता. पुढचे दोन्ही पाय छातीशी जोडलेले, गाल मोदकाच्या सारणानं टम्म. काकू हात जोडून, काका मोबाइल घेऊन. तासाभरात अर्धी सोसायटी दर्शनाला येऊन गेली. एकीनं राजाबाजारच्या संस्थान गणपतीला नवस बोलल्याचं सांगितलं, तो पावल्याची हीच खूण म्हणाली. काल फुकट नको असलेला प्राणी आज कुणाच्या पाया पडण्यातून सुटत नव्हता.

"काकू, हा तुमच्याकडं स्वतःहून आलाय," मी गंभीरपणे म्हणालो. "आता याला परत नेणं बरं दिसणार नाही."

"पण एकटा राहील का हो?"

"नाही राहणार," मी तत्काळ म्हणालो आणि वरून आणखी एक हिरवा टिपका घेऊन आलो. वेगवेगळे ठेवा, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण आरती सुरू झाली. दोन्ही नर आहेत, व्हर्नियरनं तीनदा मोजलेत, हे मात्र आरतीनंतर आवर्जून सांगितलं.

दिवाळीत काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. चकल्या, करंज्या, आणि ताटाच्या कडेला एक भोकं पाडलेला छोटा डबा. आमच्याकडं तोवर थॉर आणि त्याची दोन मुलं एवढेच उरले होते, बाकीचे नातेवाइकांच्या हातापाया पडून मार्गी लावले होते. काकू चांगल्याच टवटवीत दिसत होत्या. काकांनी त्यांना एक्सेल शिकवलं होतं.

"बाहेर आम्ही दीडशेला देतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरचे, तुम्हाला शंभर. आणि भाऊ, ते तुमचं मोजायचं यंत्र दोन दिवस देता का? गिऱ्हाईक नर-मादी विचारायला लागलंय."